गोंदिया ते जबलपूर, पाऊण तास

आई गेली त्या दिवशी मी सख्ख्या बहिणीवर पाळत ठेवली. त्याला दुसरा शब्द नाही.

बहीण गोंदियाला दिलेली, आम्ही जबलपूरला, रांझी भागात. आई सवाष्ण गेली. आमच्याकडे अशा वेळी आईची ओटी लेकीनं भरायची आणि मगच उचलायचं. पहाटे बहिणीला फोन केला. "निघते, दादा," एवढंच म्हणाली. रडली नाही, ते मला खटकलं. आईच्या दुखण्यातही ती दोनदा निघते म्हणून आली नव्हती.

गोंदियाहून विमानं सुटतात हे पेपरात वाचलेलं होतं. अंगणात माणसं जमत असताना मी मागच्या दारी जाऊन मोबाइल उघडला. गोंदिया ते जबलपूर, हवाई अंतर अमुक, प्रवासाचा वेळ पाऊण तास. जावई खातेपिते. म्हणजे दहापर्यंत ती यायलाच हवी होती.

दहाला पुन्हा फोन केला. "येऊन राहिले न," ती म्हणाली. मागे पोरांचा गलका, कोणीतरी हसत होतं. घरूनच बोलते आहे, मला वाटलं. त्यानंतर फोन लागेना. बंद करून ठेवला असणार.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "भैया, बेटी को तो आने दो."

"थांब न थोडा," बाबा म्हणाले. "येऊन राहिली असंल ते."

"यायचं असतं तर केव्हाच आली असती, बाबा."

दोन वाजता आम्ही आईला उचललं.

ग्वारीघाटावर आईला अग्नी देऊन परतलो तर बहीण ओट्यावर बसलेली, मांडीवर हिरव्या साडीची पिशवी. बालाघाटपर्यंत गच्च भरलेल्या बसनं आली होती, पुढे रेल्वेनं. मधल्या जंगलात फोनला रेंज नव्हती.

"काहून थांबला नाहीस रे दादा?"

"भटजी घाई करून राहिले होते," मी म्हणालो. भटजी तर उलट लेकीसाठी थांबा म्हणत होते.

तेराव्यानंतर तिला विमानानं पाठवावं म्हणून मी एका तिकीटवाल्याकडे गेलो आणि मोबाइलवरचं तेच पान दाखवलं. तो हसला. "भैया, ये तो नक्शे पर सीधी लकीर नापी है. जहाज कोई चलता ही नहीं." कुठल्याही दोन विमानतळांची नावं घातली तरी ते पान वेळ सांगतं, विमान असो वा नसो.

वर्षश्राद्धाला ती आली तेव्हा मी सगळं सांगितलं. विमानाचं, भटजींचंही. ती तांदूळ निवडत होती.

"मले एक वेळ विचारलं असतं तर सांगितलं असतं न, कशानं येऊन राहिले ते."

त्यानंतर ती यायला निघाली की न विचारता फोन करते. बालाघाट सोडलं, दादा. नैनपूर आलं. गाडी वीस मिनिटं लेट आहे. दर वेळी मी म्हणतो, "अगं, कशाला सांगतेस?" ती म्हणते, "असू दे," आणि पुढच्या स्टेशनावरून पुन्हा फोन येतो.