आत्याच्या गल्लीतली गॅसगळती

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर आमचं कुटुंब रोह्याहून फार तर महाबळेश्वरपर्यंत गेलं असतं. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आईपप्पा तिला आक्का म्हणत. इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्राजवळच्या एका लहानशा गावात ती वीस वर्षं नर्स होती, पुढे मेट्रन, म्हणजे नर्सांची प्रमुख झाली. लग्न केलं नाही. ऑपरेशननंतर घरात चार दिवस आपलं माणूस हवं म्हणून तिनं आम्हा तिघांची तिकिटं पाठवली. वर्षं नव्वदच्या दशकातली होती, मी सहावीची परीक्षा नुकतीच दिली होती.

पप्पा मूळचे नगरकडचे. धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. आई पेणची आणि रोह्यालगतच्या अष्टमीच्या मराठी शाळेत शिकवायची. रोह्यात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे आमच्याबद्दल लोकांच्या काही पक्क्या समजुती होत्या. आम्ही दार लावल्यावर घरात इंग्रजीच बोलतो, ही त्यातली एक. आम्ही परदेशी निघालो हे कळल्यावर शेजारच्या काकी आईला म्हणाल्या, "तुला काय गो कठीण? तू तर तुमच्याच लोकांत चाललीस." आईला इंग्रजीत फक्त हजेरी घेता येत होती. ती नुसती हसली आणि पोह्याचा डबा भरत राहिली.

पप्पा सरळ माणूस. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ तेच वाचायचे आणि वाचलेलं मनावरही घ्यायचे. त्यांनी आईला बजावलं होतं की परक्या देशात कसलीही मासळी न्यायची नाही, नियम म्हणजे नियम. आई व्हय म्हणाली. एसटी पेणला थांबली तेव्हा आजोळच्या माणसांनी पापडांचा मोठा पत्र्याचा डबा स्टँडवर आणून दिला. तिकडच्या कस्टमच्या माणसानं त्या डब्याकडे बोट दाखवून खायचं काय आहे असं विचारलं, तेव्हा पप्पांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, ओन्ली पापड. इतक्या स्वच्छ चेहऱ्याच्या माणसाचा डबा कोण उघडणार? आई त्या वेळी माझी वेणी सोडून पुन्हा घालत होती. विमानतळावर, रांगेत, काहीही कारण नसताना.

आत्याचं घर एका लांबलचक रांगेतलं होतं. सगळी घरं एकसारखी, विटांची, भिंतीला भिंत लागून. काठी टेकत तिनं दारातच आम्हाला नियम सांगितले. जिन्यावरून धावायचं नाही. आठनंतर नळ जोरात सोडायचा नाही. शेजारच्या भिंतीपलीकडे एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहतात, त्यांना आवाजाचा त्रास होतो. वीस वर्षांत तिच्याबद्दल गल्लीत कुणाची एक तक्रार नव्हती आणि ते चांगलं नाव तिला जाताना सोबत न्यायचं होतं, असं ती म्हणाली. आई पहिले दोन दिवस घरात चवड्यांवर चालली.

रविवारी आम्ही देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये गेलो. आई आपली मोरपंखी साडी नेसली होती. उपासना सुरेख झाली, म्हणजे शब्द कळले नाहीत तरी कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं ते आम्हाला तिथल्या लोकांपेक्षा बरं ठाऊक होतं. नंतर सगळे आमच्याभोवती जमले. पाळकसाहेबांनी पप्पांना विचारलं की तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात. पप्पांना वाटलं बाप्तिस्म्याबद्दल विचारतायत. त्यांनी सांगितलं, तीन महिन्यांचा असताना. पाळकसाहेबांना ते फारच लहान वय वाटलेलं दिसलं. एका बाईंनी आईच्या कपाळाकडे बघत तो लाल ठिपका आज कसा नाही, अशी चौकशी केली. आईनं मला मराठीत सांगितलं, "हेच अष्टमीतल्या बाया विचारतात. यांना सांग, तिकडं सांगते तेच."

पुढे जेवण होतं, खास आमच्यासाठी. भारतातले पाहुणे म्हणून मंडळींनी विचारपूर्वक सगळं शाकाहारी केलं होतं. उकडलेली कोबी, उकडलेलं गाजर, उकडलेला बटाटा आणि मध्यभागी पानांचा एक ढीग. पाळकसाहेब पप्पांना दिलासा देत म्हणाले की कुठेही मांसाचा स्पर्शसुद्धा झालेला नाही. ख्रिसमसला बोकडाच्या मुंडीवरून भावाशी भांडणारे माझे पप्पा मान लववून आभार मानत होते. ते नको म्हणू शकले नाहीत, आणि तिसऱ्यांदा कोबी वाढून घेतली. त्यानंतर आठवडाभर गल्लीतून आम्हाला भाज्यांच्या वाट्या येत राहिल्या, आत्याच्या मैत्रिणींनी पाठवलेल्या, सगळ्या पांढऱ्या.

आठवडा उलटल्यावर मंगळवारी दुपारी पप्पा फिरायला गेले. आत्यानं खिडकीतून ते वळणापलीकडे गेल्याची खात्री केली आणि आईला म्हणाली, "काढ."

आईनं पापडांचा डबा काढला. वरचे दोन थर पापड बाजूला केले. खाली जुन्या साडीच्या तुकड्यात, त्यावर प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत सुके बोंबील होते, रोह्याच्या बाजारातून निवडून आईनं आधीच पेणला पोचवलेले. मग मला कळलं की ते आत्यानंच मागवले होते. ती एकदा महिनाभर रोह्याला येऊन राहिली होती आणि तेव्हापासून तिला ती चव लागली होती. आईला वेगळं पत्र टाकून तिनं ही गोष्ट कळवली होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की भावाला सांगू नये, तो प्रामाणिक आहे.

आईनं बोंबील तव्यावर भाजायला घेतले. बाहेर गारठा होता म्हणून खिडक्या बंद होत्या. भाजक्या बोंबलाचा वास रोह्यात कुणाला वास वाटत नाही, ती जेवायची वेळ असते. त्या घरात मात्र तो वास भिंतींना चिकटला, जिन्यावरून वर गेला, तिथं त्याला जागा पुरली नाही आणि तो शेजारी गेला. आत्यानं डोळे मिटून घेतले होते. इतक्यात दारावर थाप पडली.

दारात पप्पा, पलीकडचे म्हातारे गृहस्थ आणि पेटी घेतलेला एक गणवेशातला माणूस उभे होते. म्हाताऱ्यांना घरात भयंकर वास आला होता. गॅस गळतोय अशा समजुतीनं त्यांनी फोन केला होता. पप्पा त्याच वेळी परतत होते आणि 'गॅस' हा एक शब्द त्यांना पुरला. पंचवीस वर्षांत धाटावला त्यांनी किती गळत्या थोपवल्या असतील त्याचा हिशेब नव्हता. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, बाह्या सरसावल्या आणि आत येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. आईनं त्याआधी तवा उचलून ओव्हनमध्ये सरकवला होता आणि दार लावलं होतं.

आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. हळूहळू सगळी रांगच बाहेर आली. म्हातारे गृहस्थ घरातल्या चपलांवर, एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून, आई साडीवर आत्याचा लांब कोट घालून. आत पप्पा आणि गॅसवाला प्रत्येक जोड तपासत होते. पप्पा मधूनच दारात येऊन सांगत की घाबरू नका, शोधतोय. मला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. वास रस्त्यापर्यंत येत होता, आणि पप्पांना तो मुळीच ओळखू येत नव्हता. मला वाटलं, आईला सांभाळून घेतायत.

आत्या रस्त्याच्या पलीकडे बघत होती. आई तिच्याकडे बघत होती. खरं सांगावं तर पप्पांनी कस्टमला खोटं सांगितलं असं ठरत होतं आणि आत्याची वीस वर्षांची अब्रू जात होती. न सांगावं तर गॅसवाला बाहेर येऊन म्हणाला की इथं काही सापडत नाही, आता सगळ्या रांगेचा गॅस बंद करून रस्ता उकरावा लागेल. उकरायच्या गोष्टीला पप्पांनी जोरात मान डोलावली.

आई पुढे झाली. कोटाची बटणं तिनं नीट लावली, वर्गात शिरताना पदर सावरायची तशी. परदेशात येऊन तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलं इंग्रजी.

"सर, नो गॅस. फिश."

ती आत गेली, ओव्हन उघडला आणि तवा घेऊन आली. गॅसवाल्यानं आपलं यंत्र बोंबलांवर धरलं. काटा हलला नाही. त्यानं ते ठोकून पुन्हा धरलं आणि मग तो भिंतीला टेकून हसायला लागला. पप्पा हसले नाहीत. ते तव्याकडे पाहत राहिले, मग उघड्या दारातून आत दिसणाऱ्या पापडाच्या डब्याकडे, आणि मला वाटलं आता ते कस्टमवाल्याला शोधून माफी मागायला निघतात की काय.

मला भीती होती ती म्हाताऱ्या गृहस्थांची. ते तव्याजवळ आले, वाकून बघितलं आणि आत्याला काहीतरी विचारलं. आत्यानं आम्हाला सांगितलं की त्यांची आई हेरिंग नावाची मासळी धुरावर सुकवायच्या कामाला होती, आणि घरात वास शिरला तेव्हा त्यांना आधी तिचीच आठवण आली होती. पण ती जाऊन चाळीस वर्षं झाली, म्हणून त्यांनी गॅसवाल्याला बोलावलं. ते स्वयंपाकघरात बसले आणि बोंबील पावाला लोणी लावून खाल्ला. मग दुसरा मागितला. आमच्यासाठी भाज्यांच्या वाट्या येणं त्या दिवसापासून थांबलं, कारण त्यांनी सगळीकडे सांगितलं की ही माणसं काय वाटेल ते खातात.

संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर पप्पांनी आईला एकच विचारलं, हे घरात कधीपासून भाजत होतीस. आई म्हणाली, तुम्ही निघाल्यापासून. मग तीच थांबली. तिनं विचारलं, "तुम्हाला दारातून आत येताना वास नाय आला?"

पप्पा म्हणाले, आला होता थोडासा.

आत्या नर्स होती. ती उठली, पप्पांचे डोळे रुमालानं बांधले आणि एकेक वस्तू नाकाखाली धरायला लागली. कॉफीला पप्पा चहा म्हणाले. व्हिनेगरला साबण म्हणाले. बोंबलाला बराच विचार करून अगरबत्ती म्हणाले. मी हसून लोळत होते. रुमाल सोडला तेव्हा आई हसत नव्हती. पप्पांना गेली आठ-नऊ वर्षं कसलाच वास येत नव्हता. कंपनीत कळलं तर प्लँटवरून काढतील म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग रोज दारातून येताना, वा, काय घमघमाट सुटलाय, म्हणता ते?" आईनं विचारलं.

पप्पा म्हणाले की तिच्या तोंडाकडे बघून कळायचं, चांगलं झालंय की नाही ते.

आई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. डब्यातल्या चोरीचा विषय त्यात बुडून गेला, हे तिच्या पथ्यावरच पडलं. आत्यानं मात्र भावाकडून वचन घेतलं. रोह्याला परतल्यावर पप्पा पहिल्याच सोमवारी कंपनीच्या डॉक्टरकडे गेले आणि स्वतःहून सगळं सांगितलं. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. वाल्व मोजायचे, सह्या करायच्या. पहिले काही महिने ते उदास असायचे.

त्या दिवसांत आईनं एक नवी सवय लावून घेतली. पप्पा ताटावर बसले की झाकण काढायच्या आधी ती वासाचं वर्णन करायची. आज कोकम जरा पुढे हाय, लसूण मागून येतोय, असं. ती मनापासून सांगायची आणि पप्पा मान डोलवत ऐकायचे. एकदा तपासायच्या वह्यांच्या नादात तिची आमटी तळाला लागली. धूर अंगणात गेला, काकी कुंपणावरून विचारून गेल्या. आईनं पप्पांना वाढताना सांगितलं की आज डाळ खमंग भाजून घेतलीय. पप्पांनी पहिला घास खाल्ला, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि अजून एक वाटी घेतली.