माहेरचा होकार

यंत्र नुसतं चांगलं असून भागत नाही, ते लोकांच्या गळी उतरवणारं माणूस लागतं, असं मंजुषा म्हणायची. आणि ते माणूस म्हणजे अर्थातच ती! नाशकातल्या एका संस्थेत तिची नोकरी. उन्हावर, वाऱ्यावर चालणारं काहीतरी नवं कुणी घडवलं, की ते गावात न्यायचं, चार घरांत वापरायला द्यायचं, दोष काढून घ्यायचे आणि मगच बाजारात उतरवायचं, हे तिचं काम.

रविराज नावाच्या एका तरुणानं बनवलेलं, उन्हावर चालणारं वाळवणी यंत्र आलं, तेव्हा तिला दुसरं गाव सुचलंच नाही. देवळ्याजवळचं तिचं माहेर, सगळा कांद्याचा मुलूख. "आमच्याकडची माणसं तोंडावर खरं बोलतात," असं तिनं त्याला छातीठोकपणे सांगितलं. डोंबलाचं खरं! माहेरवाशिणीला कधी कुणी नाही म्हटलंय का?

वर्षभर ती जात राहिली. दर खेपेला यंत्रात कांद्याच्या चकत्या पसरलेल्या आणि बायका हसतमुख. "लय भारी हाय गं मंजू!" तिनं तेच रविराजला सांगितलं. बिचाऱ्यानं वडिलांचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा विकला आणि यंत्रांचा मोठा माल बनवला.

माल पडून राहिला. इतरांचं सोडा, तिच्या माहेरीसुद्धा कुणी यंत्र विकत घेईना. भरवशाच्या म्हशीला टोणगा! "मंजुषाताई, तुमच्या शब्दावर गेलो मी," एवढंच रविराज म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं तिला.

त्याच तिरमिरीत ती गावी गेली, या खेपेला न कळवता. चुलती बयाबाईच्या अंगणात कांदा बाजेवर वाळत होता आणि यंत्रावर गोधड्या. यंत्राची काच उचलायला दोन माणसं लागायची, आणि दुपारी घरात बाई एकटी. एवढाच दोष! वेळेवर कळता तर महिन्याभरात सुधारला असता.

"काकू, केसानं गळा कापलात माझा! खरं का नाही सांगितलं?"

"लेकीला कसं नाय म्हणायचं? तू येणार म्हटलं, की शेजारणीला हाक मारून काच उचलायचो, चकत्या भरायचो."

"अगं, एका पोराचा धंदा बुडाला त्यापायी!"

"बुडाला आसंल," बयाबाई शांतपणे म्हणाली. "पण तुझी आई गेल्यापासून तू कधी आलीस? दिवाळीला नाय, आखाजीला नाय. यंत्र आलं तशी दर महिन्याला यायला लागलीस. आम्ही खोट काढली असती, तर यंत्र गेलं असतं, अन् तूबी."

मंजुषाला रडू फुटलं. रागही तेवढाच होता, फक्त तो आता कुणावर काढायचा ते कळेना. चहा तसाच ठेवून ती उठली. पुन्हा कधी येशील, असं काकूनं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.