वित्स्कोची मोठी अक्षरं

बेटावरच्या वाचनालयात कॉम्प्युटर एकच होता आणि त्यावर हक्क सगळ्यांचा. सकाळी म्हाताऱ्या बायका समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराच्या पेपरातलं निधनवार्तांचं पान वाचायला यायच्या, दुपारी शाळा सुटली की पोरं. पोरांनी एकदा स्क्रीनच उलटी करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पेरिना मावशी मान वाकडी करून, कोण गेलं ते खालून वर वाचत बसली. मग कुणी भाषा बदलली, कुणी आवाजच घालवला. शेवटी येर्काने हात टेकले.

येर्का तिथली ग्रंथपाल. पन्नाशी उलटलेली, एकटी. आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. तिने तक्रार केली तेव्हा नगरपालिकेने दाविड नावाचा तंत्रज्ञ बोटीने पाठवला. त्याने सगळ्या सेटिंगला कुलूप घातलं.

"आता कुणी काही बदलायला गेलं की तुमचा पासवर्ड मागेल," तो म्हणाला. "आणि कॉम्प्युटर बंद केला की सगळं पुन्हा होतं तसं. एखाद्याला कायमची सोय हवी असेल, तर त्याच्या नावाचं वेगळं खातं काढून द्या." ते कसं काढायचं तेही त्याने दाखवलं. येर्काला लगेच समजलं.

त्याच हिवाळ्यात वित्स्को परत आला. हा पोरवयात बेट सोडून गेलेला, मालवाहू जहाजांच्या इंजिनांत त्याचं आयुष्य गेलं. बायको वारली, मुलगी रियेकाला सासरी, म्हणून आईच्या बंद घराची दारं उघडून तो राहू लागला. त्याला वाचनालयात एकच काम असायचं. जगातली जहाजं कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा उघडायचा आणि आपलं जुनं जहाज शोधायचं. पण डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्याच दिवशी त्याने हाक मारली.

"येर्का, जरा ये गं इकडे. ही अक्षरं आहेत की मुंग्या?"

ती गेली. त्याच्या खांद्यावरून वाकून पासवर्ड टाकला, अक्षरं मोठी केली. त्याच्या कोटाला तंबाखूचा आणि डिझेलचा वास होता.

"आता दिसतंय का, शोर वित्स्को?" बेटावर परक्या, मानाच्या माणसाला ‘शोर’ म्हणत, म्हणजे साहेब.

"दिसतंय. हे बघ, आज आफ्रिकेत डर्बनच्या खाली आहे आपलं जहाज. लाटा असणार तिथे. मी असतो तर आत्ता खाली पंपाशी शिव्या देत उभा असतो." आणि मग त्याने लाटांचं सांगितलं, डर्बनच्या बाजाराचं सांगितलं, आणि येर्का पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून ऐकत राहिली. स्प्लिटच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा अक्षरं पुन्हा बारीक होती. पुन्हा हाक आली. त्याच्या नावाचं खातं काढणं म्हणजे थोड्या वेळाचं काम. येर्का ते आज करू, उद्या करू म्हणत राहिली, आणि मग म्हणेनाशीही झाली. सकाळी ती केस विंचरून दोनदा आरशात बघू लागली. तो यायच्या वेळेला ती खिडकीजवळचं कपाट लावायला घ्यायची, कारण तिथून धक्क्याकडची वाट दिसायची.

पेरिना मावशीच्या नजरेतून काही सुटत नसे. "शोर काय म्हणतेस गं त्याला? शाळेत त्याच्या मागच्या बाकावर बसायचीस तू. तो बोटीवर चढला त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत धूर गेला होता, असं सांगितलं होतंस आईला. विसरले नाही मी!"

"मावशी, तू आपली निधनं वाच," येर्का म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली.

फेब्रुवारीत ओल्या धक्क्यावर घसरून येर्काचा पाय मोडला. ती प्लास्टरमध्ये घरी पडली असताना वाचनालय शाळेतल्या बाई उघडायच्या. वित्स्को एकदा सुकी अंजिरं घेऊन तिला भेटायला आला. जहाज ब्राझीलला लागलंय म्हणाला, तिची उशी नीट केली.

येर्का कामावर परतल्यावर पेरिना मावशीने तिला सांगितलं, "तुझा तो रोज यायचा. कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसायचा बिचारा. डोळ्यांतून पाणी गळायचं. बाईंकडे पासवर्ड नव्हता, आणि तुझ्याकडे माग म्हटलं तर म्हणे, आजारी माणसाला कशाला त्रास!"

येर्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आला तशी तिने त्याला बसवलं आणि त्याच्या नावाचं खातं काढलं. मोठी अक्षरं, माउसचा जाड बाण, सगळं कायमचं.

"आता तुमचा पासवर्ड घाला. मी बघत नाही." ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे त्याची बोटं एकेक कळ शोधत होती.

"हे आधी का नाही केलंस?" त्याने विचारलं. रागाने नव्हे, सहज.

"सुचलं नाही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून हाक आली नाही. तो यायचा, मान हलवायचा, जहाज बघायचा आणि जायचा. कधी एकटाच हसायचा. कशाला हसला ते विचारावं असं तिला वाटायचं, पण विचारायला निमित्त नसायचं. वसंतात मुलगी येऊन त्याला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रियेकाला घेऊन गेली. धक्क्यावर त्याने येर्काचा हात दोन्ही हातांत धरला. "उन्हाळ्यात येतो," म्हणाला. उन्हाळ्यात फक्त मुलीचा फोन आला: ऑपरेशन छान झालं, बाबा आता इथेच राहताहेत, नातवाला शाळेत सोडतात.

कॉम्प्युटर सुरू केला की त्याचं नाव पडद्यावर यायचं. येर्काच्या हातात सगळ्या किल्ल्या होत्या. मनात आणलं असतं तर त्याचा पासवर्ड बदलून आत जाता आलं असतं. एका पावसाळी दुपारी, वाचनालयात कुणी नसताना, तिने त्या नावावर बाण नेलाही. आत काय असणार? एक नकाशा, एक जहाज. कदाचित एखादं न पाठवलेलं पत्र. तिने हात मागे घेतला आणि जहाज कुठे आहे ते साध्या खात्यातून, बारीक अक्षरांत शोधलं. सिंगापूरच्या बाहेर नांगर टाकून होतं.

पुढच्या वर्षी दाविड तपासणीला आला. "हे नाव वर्षभर उघडलेलं नाही. काढून टाकू?"

"असू दे."

"उगाच जागा अडते."

"अडू दे रे," येर्का म्हणाली आणि कॉफी ठेवायला आत गेली. बाहेरून पेरिना मावशी ओरडत होती, की हा पोरगा कधी उठतोय, आज कोण गेलं ते तिला बघायचं होतं.