निजलेलं लेकरू आणि सत्काराचा भोंगा

मंडळी, सकाळपासून तोंड कडू झालं आहे, म्हणून लिहून राहिलो.

आज मोहाडीत लहान मुलांच्या हृदयाची तपासणी होती. नागपूरहून बालहृदयरोगतज्ज्ञ बाई आल्या होत्या. करडी गावची शेवंता, तलावात मासे धरणाऱ्या घरची, आपलं तान्हं घेऊन माझ्यासोबत आली. ते रडलं की त्याचे ओठ जांभळे पडतात.

बाई म्हणाल्या, "काका, बाळ निजलेलं असलं तरच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नीट निघतो. एवढंसं हृदय वाचायला डॉक्टर झाल्यावरही मला कितीतरी वर्षं शिकावं लागलं." शेवंताने पाजून, थोपटून त्याला निजवलं.

तेवढ्यात आयोजक आले. "मॅडम, पहिले सत्कार." बाई नको म्हणत असताना त्यांना मंचावर नेलंच. शाल, नारळ आणि भोंग्यावर भाषण. मी म्हटलं, "भोंगा बंद करा, लेकरं निजली आहेत." तर म्हणे, "काका, दोन मिनिटं."

लेकरू दचकून उठलं आणि रडून रडून जांभळं पडलं.

"आताच निजलं होतं जी," शेवंता म्हणाली. "कायले उठवलं?"

बाई शाल फेकून धावल्या. त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरले, तेव्हा कुठे रंग परतला. पण ते पुन्हा निजेना. इको राहिला तो राहिलाच. आता शेवंताने नागपूर गाठायचं.

आयोजक म्हणाले, "फोटो मस्त आले." मले शिसारी आली.

तो फोटो आपल्या ग्रुपवर आलाच आहे. मागच्या कोपऱ्यात शेवंता लेकराचे कान झाकून उभी दिसते. ती पाहूनही तुम्ही अंगठा देणार काय?