मी हात वर केला

जर्मनीत कोलोनला शिकायला आलेली मी एका गाईवाल्याच्या प्रेमात पडले आणि डोंगरातल्या खेड्यात साठ गाईंची सून झाले. "गाईंचीच, माझी नव्हे," असं सासूबाई म्हणायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

पंधरा वर्षं शेण काढल्यावर पक्षाने मला लांडटागची, म्हणजे राज्याच्या विधानसभेची, उमेदवारी दिली. प्रचाराला पहिल्यांदा गेले ती शेजारच्या आजोबांच्या गोठ्यात. ते म्हणाले, "तालुक्याच्या दवाखान्यातला प्रसूती विभाग बंद करणार म्हणे. लेकाचं आत्ताच लग्न झालंय. आमची नातवंडं कुठे जन्मणार?"

"मी आहे ना," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी तळहात पुढे केला आणि मी त्यावर हात मारला. गुरांचा सौदा आमच्याकडे असाच पक्का होतो. त्यानंतर कुणी मागे फिरत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी असे तीस-चाळीस हात हातात घेतले होते.

निवडून आले. दोन वर्षांनी विभागाला मदत चालू ठेवायचा ठराव आला, पण तो आणला विरोधकांनी. आमच्या गटाच्या बैठकीत मी दोनदा भांडले. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा गटनेते म्हणाले, "बरोबर आहे, तुमची अडचण कळते. पण मतदान एकत्रच." सभागृहात "विरोधात कोण?" असं विचारलं, तेव्हा मी हात वर केला. वासरू अडलं तर एका तासात काय होतं, हे त्या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरीही केला. ठराव पडला आणि विभाग बंद झाला.

पुढच्या हिवाळ्यात आजोबांच्या सुनेला सकाळीच कळा सुरू झाल्या. शहरातलं हॉस्पिटल पन्नास मिनिटांवर. खिंडीतल्या वळणावर गाडी बर्फात रुतली. अ‍ॅम्ब्युलन्स पोचायच्या आत मुलगी झाली. ती रडली नाही.

त्या वळणावरून मला आठवड्यातून दोनदा जावं लागतं. भर उन्हाळ्यातही पाय आपोआप ब्रेकवर जातो. रस्ता मोकळा असतो, तरी कडेला गाडीचे पिवळे दिवे उघडझाप करताना दिसतात. खोटं कशाला सांगू, मी काचा वर करून घेते. जे बाळ रडलंच नाही, त्याचं रडणं ऐकू येईल अशी भीती वाटते. नवऱ्याला एकदा सांगितलं, तर तो म्हणाला, दमली आहेस. मी दमलेली नाही. मला लाज वाटते.

आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीच त्यांना टाळत राहिले, त्यांचा ट्रॅक्टर दिसला की घरात शिरायची. अशी दोन वर्षं गेली. मग पुन्हा निवडणूक झाली, मी पुन्हा जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले. आता पळायला जागा नव्हती.

"मला एकदा शिव्या द्या," मी म्हटलं. "त्या बाळासाठी तरी द्या."



"मत तुलाच दिलंय," ते म्हणाले. "सुनेनेही. तिला पुन्हा दिवस गेलेत, आणि तिथे विधानसभेत आमचं दुसरं कोण आहे?"