देवी सापडत नाही तोवर

लग्न टाळायला आमच्या विश्वासकाकांनी जे कारण शोधलं होतं, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचलंच नसतं. त्याला ग्वाल्हेरचाच माणूस हवा. आमचे पूर्वज अलिबागकडचे. शिंद्यांच्या फौजेबरोबर ते उत्तरेत आले, इथेच राहिले, पोरंबाळं हिंदीत भांडू लागली आणि या सगळ्यात आमची कुलदेवी हरवली. म्हणजे तिचं गाव कुणाला आठवेना. ती अलिबागच्या बाजूला आहे आणि समुद्राकडे तोंड करून बसली आहे, एवढंच घरात माहीत होतं. आता लग्नाची पहिली अक्षत द्यायची ती कुलदेवीला. माझ्या वडिलांच्या लग्नात ती दिली नव्हती आणि वडील तरुणपणीच गेले. तेव्हा काका म्हणाले, आधी देवी सापडू द्या, मग माझं लग्न. यावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

दर वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत काका देवी शोधायला निघत. सोबत त्यांचे मित्र मधुसूदन. माझी आई, विजयाबाई, देवीच्या ओटीसाठी दर वर्षी एक चंदेरी लुगडं बांधून देई. दोघं उन्हाने रापून, मजेत परत येत आणि देवी काही सापडलेली नसे.

काकांचं मधुसूदनवर प्रेम होतं आणि मधुसूदनचं काकांवर. तेव्हा असं बोलत नसत, म्हणून मी आता बोलते. काका संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संस्थान विलीन झालं, फौज गेली, बँडही गेला. मग काका लग्नाच्या वरातीत वाजवू लागले. ग्वाल्हेरातल्या आमच्या सगळ्या लष्कर भागाची लग्नं त्यांनी वाजवून लावली, स्वतःचं तेवढं राहिलं. मधुसूदन सचिवालयात कारकून. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. दर वर्षी कागदांच्या पेट्यांबरोबर मधुसूदनही हलायचे. अर्धं वर्ष काका आमच्या दाना ओली गल्लीतल्या घरी बसून विरहाच्या चिजा वाजवत. शेजाऱ्यांना वाटे, रियाज चाललाय.

छप्पन साली मध्यभारतच संपणार असं ठरलं. नवं राज्य, नवी राजधानी भोपाळ. मधुसूदनची बदली झाली, आणि आता हिवाळ्यात परत यायची सोय उरली नव्हती. त्याच सुमाराला भाऊबंदांतले वडीलधारे जगदेवराव यांनी काकांसाठी इंदूरचं स्थळ आणलं. मुलगी चांगली, माणसं मातब्बर. काकांनी नेहमीप्रमाणे देवी पुढे केली.

"मग मी येते ना," आई म्हणाली. "बस झालं तुमचं शोधणं. या वेळी देवी बघून, अक्षत देऊनच परत यायचं."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तिघं निघाली, मधुसूदन नेहमीसारखे सोबत होतेच. वाटेत काकांनी आईला दोनदा आजारी ठरवून पाहिलं. तिसऱ्यांदा स्वतः आजारी पडले. आई खमकी, तिने त्यांना सुंठ चाटवली आणि पुढे नेलं. मला मात्र मुरारला मावशीकडे ठेवून गेली. आज मी सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये नातवंडं सांभाळते, पण तो राग गेलेला नाही. पुढचं सगळं आईकडून ऐकलेलं आहे आणि ती सांगताना इतकी हसायची की निम्मं मला पदराआडूनच ऐकावं लागलं.

अलिबागला सुट्टीची गर्दी. खानावळी भरलेल्या. शेवटी काकांना नाइलाजाने आईला आपल्या नेहमीच्या मुक्कामी न्यावं लागलं. तो मुंबईच्या जालभाई नावाच्या पारशी शेठचा समुद्रकाठचा बंगला. "इथे भक्त मंडळी उतरतात," काकांनी सांगितलं.

दिवेलागणीला भक्त मंडळी जमली. ओसरीवर कंदील लागले, ग्रामोफोन सुरू झाला आणि पुरुष पुरुषांचे हात धरून नाचू लागले. कुणी मुंबईचा, कुणी बडोद्याचा, एक तर थेट कराचीहून आलेला निर्वासित. सगळे वर्षभर मान खाली घालून नोकऱ्या करणारे आणि इथे चार दिवस मान वर करणारे. मधोमध पुण्याचे गणिताचे मास्तर भालचंद्र, नऊवारी नेसून, कपाळाला टिकली लावून गिरक्या घेत होते. आई दारात येऊन उभी राहिली तशी सगळी मंडळी जागच्या जागी थिजली. गाणं तेवढं चालू राहिलं.

आई सरळ भालचंद्रांपाशी गेली आणि काठ हातात धरून बघू लागली.

"ही तर देवीची साडी," ती म्हणाली.

मास्तरांना घाम फुटला. काका खांबामागे गेले.

"आणि चंदेरीला असा काचा मारतात का? फाटेल ना. इकडे या."

तिने त्यांना आत नेलं आणि ग्वाल्हेरच्या पद्धतीने लुगडं नेसवून बाहेर आणलं. मग खुर्चीवर बसून, वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच, टाळ्या वाजवत रात्रीचं जेवण थंड होऊ दिलं. जालभाईंनी तिला नाचायला बोलावलं. ती नाही म्हणाली, पण थोडा विचार करून.

सकाळी फाटकाशी मासळीवाली आली. आईने तिला विचारलं, समुद्राकडे तोंड केलेली देवी कुठे आहे? तिने टोपली खाली न ठेवता मागच्या टेकडीकडे हात केला. इतक्या वर्षांत या दोघांनी एकालाही विचारलं नव्हतं.

देवळातल्या गुरवाने आडनाव ऐकताच मान डोलावली. ग्वाल्हेरला गेलेली मंडळी, त्याचे वाडवडील सांगायचे. काकांचा चेहरा वरातीतल्या घोड्यासारखा झाला, सजलेला आणि बेजार. देवी सापडली होती, आता इंदूर अटळ होतं. मधुसूदन गाभाऱ्याबाहेर चष्मा पुसत उभे होते.

आईने ओटी भरली आणि कौल लावायला सांगितला. तिकडची रीत अशी की देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव गाऱ्हाणं मोठ्याने घालणार होता. आईने त्याला थांबवलं आणि डोळे मिटून मनातल्या मनात विचारलं.

बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी पडली.

काकांना आनंद लपवता येईना. त्यांनी देवीला साष्टांग दंडवत घातलं, गुरवालाही नमस्कार केला आणि बाहेर येऊन मधुसूदनचा हात धरून वाळूत जवळजवळ नाचलेच. "देवी नको म्हणाली, आता जगदेवराव काय बोलणार?"

आई मागून सावकाश आली. "मी लग्नाचं विचारलं नव्हतं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी भोपाळला एकत्र बिऱ्हाड करावं का, हे विचारलं होतं."

काकांनी हात सोडला. ते देवभोळे होते, वाळूत मटकन बसले. मधुसूदन समुद्राकडे बघू लागले.

"असे बसू नका, उठा," ती म्हणाली. "देवी नाही म्हणाली, मालूम आहे मला. इतकी वर्षं आपल्यातलं कुणी तिच्याकडे फिरकलं नाही, ती रागावणारच. तिची समजूत मी काढीन. घरात थोरली मी आहे, मी सांगते, भोपाळला जा."

काका वर बघत म्हणाले, "आणि वहिनी, इंदूरचं स्थळ?"

"त्यांना कळवते," आईने पदर खोचला, "की मुलाचं लग्न झालेलं आहे."