कढीचं बेट

आमच्या स्वयंपाकघरात गॅसशेजारच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. मुलीचा भूगोल पक्का व्हावा म्हणून मी तो लावला. भिंतीचे पोपडे झाकले गेले, हा वरचा फायदा. फोडणीचे शिंतोडे उडून त्यातल्या समुद्रात हळूहळू पिवळी बेटं उगवली. मुलीने त्यांना नावंही दिली. अरबी समुद्रात कढीचं बेट, त्याच्या खाली पोह्यांचं. जुन्या खलाशांनाही बेटं अशीच सापडली असावीत. निघाले असतील भलतीकडेच, आणि वाटेत जमीन लागली की नाव देऊन मोकळे.

गेल्या आठवड्यात बायकोने त्या डागांना कंटाळून नवा नकाशा आणून लावला. मुलगी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आई, यात आपलं काहीच नाही गं."

"स्वच्छ आहे, तेवढं पुरे," बायको म्हणाली.

संध्याकाळी कढीचा बेत होता. फोडणीवर झाकायला बायकोने आठवणीने ताटली काढून ठेवली होती. तेल तापलं, मोहरी तडतडायला लागली. बायकोने ताटली उचलली, एकदा त्या कोऱ्या निळ्या समुद्राकडे पाहिलं, आणि ती परत ओट्यावर ठेवून दिली.